प्रकरण चौदावे : काम झाल्याचे सांगितले

साडेदहापासून घरातली पाच माणसं एका फोनवर लक्ष ठेवून होती, आणि आपलं लक्ष आहे हे बाकीच्या चौघांना कळू नये म्हणून कामात असल्याचं दाखवत होती. सहाव्या, म्हणजे आनंदीच्या सासूबाई भागीरथीबाई, देवाच्या खोलीत आंबाडे, ती आंबट फळं, मोजत बसल्या होत्या. आपल्याला कमी ऐकू येतं असं त्या स्वतःच सांगत. ऐकायचं असेल तेव्हा मात्र येतही असे.

फोन शोकेसवर होता. बटणांचा, मागचं झाकण रबराने बांधलेला. सासरे होते तोवर तो त्यांचा. ते गेल्यावर घरचा झाला, म्हणजे सगळ्यांचा आणि कुणाचाच नाही. गॅसला तोच नंबर, वीजबिलाला तोच, आणि सासऱ्यांच्या नावावर घेतलेल्या पांढऱ्या गाडीलाही तोच. वाजला की जवळ असेल त्याने उचलायचा, असा कारापूरच्या या घरातला रिवाज.

उद्या चवथ. गणपतीच्या मेजाच्या वर माटोळीची, म्हणजे फळं-पानं बांधायची, लाकडी चौकट टांगून झाली होती, पण तिला अजून एक आंबाडासुद्धा बांधलेला नव्हता. डिचोलीच्या बाजारातून आणलेलं सगळं खाली टोपल्यांत पडून: तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, रानातले कांगले आणि घागऱ्या, सुपारीचा कातरा म्हणजे अख्खा घोस, नारळांचा घड. स्टुलावर चढून बांधायचा तो आनंदीचा धाकटा दीर संतोष. दरवर्षी तोच. आणि यंदा संतोष बाहेर बल्कांवावर, दाराशेजारच्या बाकड्यावर, बसला होता, पाहुण्यासारखा, पायांतल्या चपला न काढता.

नऊ महिन्यांनी तो या घरी आला होता. आला तोही चवथ मोडू नये म्हणून. त्याची बायको मनीषा तर येतच नव्हती. आनंदीने तीनदा फोन केला तेव्हा आली, आणि आल्यापासून स्वयंपाकघरात खोबरं किसत होती, ज्या जोराने किसत होती त्यावरून ते खोबरं तिला नक्की कोण वाटत होतं ते कळत होतं.

सकाळी आनंदीची लेक प्राजक्ता हिने गाडीचे कागद काढले नसते तर सण कसाबसा पार पडला असता. भंगारात गेलेल्या गाडीची नोंद रद्द करायची राहिली होती. ती कुबडी भिंतीला टेकवून, रॉड घातलेला पाय समोरच्या खुर्चीवर लांब करून बसली आणि फॉर्म भरता भरता चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला. मग हळू आवाजात कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला.

"पप्पा," ती शेवटी म्हणाली, "आपली गाडी कंपनीने परत बोलावली होती."

"भंगारातली गाडी कोण परत बोलावतलो?" तिचा बाप शंकर तवशी धूत होता.

"आता नाही. गेल्या नोव्हेंबरात. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये दोष होता, त्या वेळी बनलेल्या सगळ्याच गाड्यांच्या. आतलं रबर दाब धरत नाही. तेल भरलेलं दिसतं, कुठे गळत नाही, आणि एखाद्या दिवशी पेडल सरळ खाली जातं. फुकटात बदलून देणार होते."

आनंदीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. डिसेंबरात इस्पितळाच्या दारात संतोष हेच बोलला होता. कपाळाचं रक्त बाहीला पुशीत, पुन्हा पुन्हा: "पेडल खाली गेला दादा, चिखलात पाय जावा तसा." आमोण्याच्या पुलाकडच्या उतारावर तो चालवत असलेली गाडी थांबली नव्हती, चिऱ्यांच्या गडग्यावर जाऊन आपटली होती. प्राजक्ता मागच्या सीटवर झोपलेली. तिला साक्ष देता येईना, आणि खोटं बोलणं तिच्या स्वभावात नाही. गॅरेजवाल्या योगेशने गाडी पाहिली आणि सांगितलं, तेल काठोकाठ आहे, गळती नाही, ब्रेकला काही झालेलं नाही. मग राहिलं काय? राहिला संतोष. खाणी बंद पडल्या तेव्हा तो दोन वर्षं प्यायचा, एकदा टिपर भाताच्या मळ्यात घातला होता. सोडून तीन वर्षं झाली होती. पण ती तीन वर्षं कुणी मोजली नाहीत.

पोलिसांत द्यायचं नाही, घरातलं घरात राहू दे, असं शंकरनेच ठरवलं आणि तो उपकार भावाच्या डोक्यावर ठेवला. संतोष शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांची बस, चालवायचा. शाळेच्या मॅनेजरने शंकरला गाठून विचारलं, तुझा भाऊ पितो का रे? शंकर म्हणाला, "माका विचारू नकात." एवढंच. खोटं एक अक्षर नाही. महिन्याच्या आत संतोषच्या हातून बस गेली. आता तो पार्शे गावी नारळ सोलायच्या कामावर होता. ते काम आनंदीने आपल्या भावाला, सखारामला, सांगून लावलं होतं, आणि हे शंकरला ठाऊक नव्हतं.

"बोलावल्यानी म्हणतंस, तर आमका कळवल्यानी कसा नाय?" शंकरने विचारलं.

"तेच विचारलं मी हेल्पलाइनला. म्हणाले, दोनदा कळवलं." प्राजक्ताने कागदावर लिहून घेतलं होतं. "अकरा नोव्हेंबर आणि अठरा नोव्हेंबर, घरच्या नंबरवर. आणि दुसऱ्या फोननंतर त्यांच्या कॉम्प्युटरात शेरा आहे: 'ग्राहकाने काम झाल्याचे सांगितले.'"

"झाल्याचा? कोणी सांगल्यान?"

"ते शोरूमवाल्यांना माहीत. बाराच्या आत ह्याच नंबरवर फोन करतो म्हणाले."

बल्कांवावरून संतोष उठून दारात आला. उंबऱ्याच्या अलीकडे पाय टाकला नाही. "परत वाच गो," तो म्हणाला. प्राजक्ताने परत वाचलं. त्याने मान हलवली, जाऊन होता तिथे बसला. आनंदीला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून घरात दोन बाबी एकाच वेळी खऱ्या झाल्या होत्या. गाडीत दोष होता, म्हणजे संतोष बहुतेक खरं बोलत होता. आणि या घरातल्या कुणीतरी, दोष माहीत असताना, काम झालं असं खोटं सांगून ठेवलं होतं.

स्वयंपाकघरात मनीषाने किसणं थांबवलं नाही. "वयनी, ह्या घरात फोन उचलून 'झाला, झाला' म्हणूची सवय कोणाक असा, ता माका सांगूक लावू नको."

"कोणाला?"

"आता तुका ठावकच नाय!" खोबऱ्याची वाटी तिने ताटात आपटली. "माझ्या घोवाची बस गेली. पोरांचे आवशी-बापूस माका बाजारात बघून दुसऱ्या वाटेन जातत. आणि इतक्या दिवसांत तू एकदा तरी तोंड उघडलंस?"

पार्शाचं काम कुणी लावलं हे आनंदीच्या जिभेवर आलं होतं. गिळलं. ते बोलून दाखवलं की ती मदत उरली नसती, उपकार झाला असता, आणि या घरात उपकारांचं काय होतं ते तिने पाहिलं होतं.

"मी फोन घेतला असता तर मला आठवलं असतं," ती म्हणाली.

"आठवला असता तरी सांगलं असतंस?"

आनंदी मागच्या दाराने बाहेर पडली. शंकर विहिरीकडे होता. तीच तवशी तिसऱ्यांदा धूत होता. चोवीस वर्षांच्या संसारात या माणसाने एक भांडं विसळलं नव्हतं, आणि आज तवशांच्या अंगावरची धूळ काय, हिरवा रंगसुद्धा जाईल इतकी घासत होता. नोव्हेंबरात तर तो गाडी घेऊन दर आठवड्याला दोडामार्गाला मूळ घरी जायचा, जमिनीच्या कामाला. दोन दिवस गाडी शोरूममध्ये ठेवायची म्हटली असती तर खोळंबा झाला असता. आनंदीला हा विचार सकाळीच आला होता. तेव्हापासून ती त्याला नुसता ढकलत होती.

"तुम्हीच घेतलात काय तो फोन?" तिने विचारलं.

त्याने वर पाहिलं नाही. "बँकेवाले, इन्शुरन्सवाले, रिचार्जवाले, दिवसाक दहा फोन. मी सगळ्यांका एकच सांगतंय, झाला आमचा, झाला. मगे ते ठेवतत."

"मी ते नाही विचारलं."

"माका आठवणा नाय, आनंदी." तवसं त्याच्या हातात थांबलं. "सकाळपासून आठवतंय. ब्रेक म्हणान कोणी बोलला काय? बोलला असता तर मी ऐकलंय असता मा? माझी पोर त्या गाडीत बसायची." मग जरा थांबून, "मी ऐकलंय असता मा?"

तो तिलाच विचारत होता. तिला त्याची कीव आली आणि संशय गेला नाही. दोन्ही एका ताटात वाढल्यासारखं तिने घेतलं आणि घरात परतली.

पावणेबारा झाले. कुणाच्या लक्षात न येता चौघं हॉलमध्ये जमली होती आणि पाचवा दारात उभा होता. मनीषा सुपारीचा कातरा उगाच सोडवत बसली. शंकर ओली तवशी घेऊन उभा. शोकेसपासून सगळी सारखीच लांब. फोन कोण उचलतो याला आज वेगळा अर्थ आला होता; जो हात पुढे करील तो घाबरलेला, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि जो करणार नाही तोही.

फोन वाजला.

एकदा, दोनदा, तीनदा. कुणी हललं नाही.

"कानांत बोळे घातलात काय गे सगळ्यांनी?" सासूबाई देवाच्या खोलीतून आल्या, आंबाड्यांचं पातेलं शोकेसवर ठेवलं आणि रोजच्यासारखा फोन कानाला लावला. "हॅलो! कोण गो?... अंकिता? कोणाची तू?... हां, गाडयेची! तुझो आवाज ओळखलंय गो बाय. गेल्या वर्साक तूच केललंस मा फोन?"

प्राजक्ता खुर्चीतून अर्धी उठली.

"होय, होय. झाला म्हणान तेवाच सांगलंय मा तुका!" सासूबाईंचा आवाज चढत गेला, लांबच्या माणसाशी मोठ्याने बोलायचं असतं अशी त्यांची समजूत. "घेतलो कौल. दुसऱ्याच दिसा घेतलो... कौल गो, कौल! तूच सांगलंस, गाडयेचो कौल इलो असा, लवकर घेवा, ब्रेकाक धोको असा. तर गेलंय मी देवळात. गुरवान पाकळ्यो लायल्यान, आणि उजवो दिलो देवान. दोनय पाकळ्यो उजवीकडसून पडल्यो!"

सासूबाई सगळ्याला कौल घ्यायच्या. फ्रिज घ्यायचा तर कौल, प्राजक्ताचं कॉलेज तर कौल, म्हैस विकायची तर कौल. पडलेल्या पाकळ्या कागदात बांधून बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या.

"आजी," प्राजक्ता म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "रिकॉल. रि-कॉल. गाडी परत न्यायची होती."

"ताच सांगतंय मी. री की काय ता माका समजाक नाय. कौल समजलो."

मनीषाने तोंडावर पदर घेतला. हसू येतंय की रडू हे तिलाही ठरवता आलं नाही. आनंदीला मात्र एकाएकी स्पष्ट दिसलं: नोव्हेंबरातली ती सकाळ, चुलीवर दूध, आणि सासूबाई म्हणताहेत, दोन नारळ दे गो, गाडयेचो कौल घेवचो असा. ती हसली होती. आता गाडीचाही कौल? म्हणाली होती, आणि कोपऱ्यातले चांगले शेंडीचे दोन निवडून दिले होते. सकाळपासून ती नवऱ्याला तपासत होती, मनीषा तिला, शंकर स्वतःला. आणि नारळ तिनेच दिले होते.

"आये," शंकर म्हणाला, "देवाक विचारलंस काय तू?"

सासूबाईंनी फोन कानापासून खाली घेतला, पण हातातून सोडला नाही. आता त्यांना सगळ्यांचे चेहरे दिसले. "गाडयेक कायएक झाला नाय मा, म्हणान विचारलंय. उजवो दिलो. म्हणान तर..." त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांच्या त्यांनाच ऐकू आलं असावं. "म्हणान तर मी गप रवलंय इतके दीस. हो संतोष म्हणी ब्रेक लागूक नाय. आणि देव म्हणी गाडी बरी असा. मगे मी कोणाचा खरा मानूचा होता?"

आनंदीला नऊ महिने एक कोडं होतं. इस्पितळात सगळे संतोषवर तुटून पडले तेव्हा ही बाई, त्याची आई, बाकावर बसून होती आणि एका शब्दाने त्याच्या बाजूला गेली नाही. आनंदीने त्याला कठोरपणा म्हटलं होतं, मनात बरंच काही म्हटलं होतं. कठोरपणा नव्हताच तो. बाईने साक्षीदार आधीच तपासला होता.

सासूबाई दाराकडे गेल्या. संतोष उंबऱ्यापलीकडे होता, त्या अलीकडे. उंचीने त्या त्याच्या छातीला लागत.

"मी देवाक विचारलंय," त्या म्हणाल्या. "तुका विचारूक नाय."

संतोषने वाकून त्यांच्याकडे पाहिलं.

"आता विचारतंय. त्या दिसा तू ब्रेक दाबललंस?"

इतक्या महिन्यांत त्याला सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. किती प्यायलास, कुठे प्यायलास, कुणाबरोबर, लाज नाही वाटली. हे एक कुणी विचारलं नव्हतं.

"दाबललंय गे आये. तीन वेळा."

"बरा," सासूबाई म्हणाल्या. मग नेहमीच्या आवाजात, "चपला काढ. घरात ये. माटोळी कोण बांधतलो, मी?"

त्याने चपला काढल्या. आत आला.

फोनमधून अजून बारीक आवाज येत होता. "हॅलो? हॅलो, मॅडम? मग गाडी कधी आणताय?" आनंदीने सासूबाईंच्या हातातून तो घेतला. "गाडी नाही आता," ती म्हणाली. "अपघातात गेली, डिसेंबरात. तुमच्याकडे एक शेरा लिहिलेला आहे ना, काम झाल्याचं सांगितलं म्हणून? तो बदला."

"बदलता नाही येत मॅडम, पण खाली नवीन लिहिता येतं. काय लिहू?"

आनंदीने तोंड उघडलं. आणि तिला वाटलं, हे आपण बोलायचं नाही. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. शंकरने भावाकडे पाहायचा प्रयत्न केला. नजर छातीपर्यंत गेली, वर चढेना. संतोष त्याच्याकडे पाठ करून काथ्याची दोरी उकलत होता. मनीषा सरळ पाहत होती, थोरल्या दिराच्या तोंडाकडे, पापणी न लववता.

शंकरने तवशी मेजावर ठेवली, हात लुंगीला पुसले आणि फोन मागून घेतला.

"हां, बाय. माका विचार, मी सांगतंय." घसा खाकरला. "मी त्या चेडवाचो बापूस, गाडीत होती तिचो. लिही. काम होऊक नाय. ब्रेक लागूक नाय. गाडी चालवी होतो तो माझो सख्खो भाव." इथे तो अडकला. पलीकडे बटणांची टकटक चालू होती. ती थांबून पुढच्याची वाट पाहू लागली. "आणि तो पिऊक नव्हतो. ता पण लिही."

"सर, ते ब्रेकच्या तक्रारीत येत नाही..."

"येता. तू लिही. आणि वाचून दाखय, मोठ्यान."

त्याने फोन कानापासून दूर, हॉलच्या मध्ये धरला. त्या जुन्या फोनचा आवाज मोठाच होता. म्हापशाच्या शोरूममधली ती अनोळखी मुलगी एकेक शब्द वाचत गेली, तिला काय कळत होतं कुणास ठाऊक, पण वाचता वाचता तीही जरा हळू झाली. शेवटचं वाक्य तिने इंग्रजीतून लिहिलं होतं. शंकर म्हणाला, समजला नाय, मराठीतून वाच. तिने मराठीतून वाचलं.

"हां," शंकर म्हणाला. "तसाच ठेव." त्याने फोन बंद केला आणि शोकेसवर, आंबाड्यांच्या पातेल्याशेजारी ठेवला.

संतोष स्टुलावर चढला होता. चौकटीला पहिली गाठ मारून त्याने मागे न पाहता हात खाली केला. शाळेत कोण जाईल, मॅनेजरला कोण सांगेल, हे कुणी काढलं नाही. पण मनीषाने पदर खोचला आणि कातरा सरळ धरला, आणि आनंदीला कळलं की चवथीची सुट्टी संपली की पहिल्याच सकाळी ती शंकरला शाळेच्या दारापर्यंत चालवत नेल्याशिवाय राहणार नाही. आनंदी बरोबर जाणार होती.

"दादा," संतोष वरून म्हणाला, "तवसा दी."

शंकरने सगळ्यांत मोठं उचललं. तीनदा धुतलेलं ते अजून ओलंच होतं. त्याने ते आपल्या सदऱ्याला पुसलं, नीट, देठापासून टोकापर्यंत, आणि भावाच्या हातात दिलं.